नीमो शुक्रवार पेठेत आणता येईल, पण त्याचं घर कुठून आणणार?

एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा 42-43 अंशांवर जातो. दुपारी शुक्रवार पेठेतल्या गल्ल्या ओस पडतात, घराघरात कूलर सुरू होतात. त्यात एखाद्या दिवशी आणखी एक अंश वाढला, तरी कुणी त्याची फारशी दखल घेत नाही. सोलापूरकरांना उन्हाची सवय आहे.

समुद्रातल्या प्रवाळ खडकांवर मात्र हाच एक अंश जिवावर उठतो. तिथल्या नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एका अंशाने जास्त तापलं आणि महिनाभर तसंच राहिलं, तर प्रवाळ पांढरे पडायला लागतात. मग त्यांच्या आधाराने जगणारे रंगीबेरंगी मासेही अडचणीत येतात.

या माशांमधला सगळ्यात ओळखीचा चेहरा म्हणजे केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश. 2003 मध्ये आलेल्या 'फाइंडिंग नीमो' या सिनेमामुळे तो घराघरात पोहोचला. शाळेच्या दप्तरावर, वाढदिवसाच्या केकवर, इन्स्टाग्रामच्या रील्समध्ये तो दिसतो. फिश टँकच्या दुकानात गेलेली मुलं त्याचं खरं नाव घेतच नाहीत, थेट 'नीमो द्या' म्हणतात. सोलापूरपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. पण ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला मासा आज देशात कुठेही पोहोचू शकतो.

मग आणायचा का नीमो? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. हा मासा येतो कुठून? आणि त्याचं समुद्रातलं घर आज कोणत्या अवस्थेत आहे? पहिल्या प्रश्नाचं बऱ्यापैकी चांगलं उत्तर महाराष्ट्राकडे आहे. दुसऱ्याचं उत्तर शोधणं अजून बाकी आहे.

नीमोचं घर म्हणजे नेमकं काय?

क्लाउनफिशच्या जगात सुमारे 30 जाती आहेत. हे मासे फक्त हिंदी आणि प्रशांत महासागराच्या उबदार पाण्यात सापडतात. अटलांटिक महासागरात ते नैसर्गिकरीत्या नाहीतच. भारतात अंदमान-निकोबार, लक्षद्वीप आणि तमिळनाडूजवळचं मन्नारचं आखात ही त्यांची घरं.

पण 'समुद्र' हा त्यांचा पत्ता फारच ढोबळ झाला. नेमका पत्ता म्हणजे समुद्रपुष्प, म्हणजेच सी ॲनिमोन. नाव फुलाचं असलं तरी हा प्राणी आहे. खडकाला चिकटून बसायचं आणि बोटांसारखे मऊ तंतू पाण्यात हलवत राहायचं, हे त्याचं आयुष्य. या तंतूंवर विषारी डंख असतात. लहान मासा चुकून त्यांना लागला तर त्याची शिकार होते.

क्लाउनफिश मात्र याच तंतूंमध्ये निवांत झोपतो. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर यामागे आहे. समुद्रपुष्पाचा डंख एका विशिष्ट आम्लाच्या खुणेवर सुटतो. जपानमधल्या ओकिनावा इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 2025 मध्ये दाखवून दिलं, की क्लाउनफिशच्या अंगावरच्या थरात हे आम्ल फारच कमी असतं. त्यामुळे समुद्रपुष्पाला तो शिकार म्हणून ओळखूच येत नाही.

बदल्यात मासाही भाडं भरतो. समुद्रपुष्पाचे तंतू कुरतडायला येणाऱ्या माशांना तो हाकलतो. त्याच्या विष्ठेतून समुद्रपुष्पाला खत मिळतं. रात्री तंतूंमध्ये हालचाल करून तो तिथलं पाणी खेळतं ठेवतो.

यात अडचण एकच आहे. जगात समुद्रपुष्पांच्या हजाराहून अधिक जाती असल्या, तरी क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या जाती फक्त 10 आहेत. म्हणजे भाड्याने मिळणारी घरं मोजकीच. आणि समुद्रात घराबाहेर राहिलेला क्लाउनफिश मोठ्या माशांच्या तोंडी जायला वेळ लागत नाही, कारण तो पोहण्यात काही फार तरबेज नाही.

एका घरात किती जण? आणि मालकीण कोण?

एका समुद्रपुष्पात साधारणपणे एक छोटं कुटुंब राहतं. त्यात सगळ्यात मोठी असते ती मादी. दुसऱ्या क्रमांकाचा नर. बाकीचे त्यांच्याहून लहान आणि प्रजनन न करणारे. मादी मेली की नर स्वतः मादी होतो आणि रांगेतला पुढचा मासा नराची जागा घेतो. सगळे क्लाउनफिश आधी नर असतात, त्यातले काहीच पुढे मादी होतात. हिशेबाने पाहिलं, तर सिनेमात नीमोची आई गेल्यावर त्याचे बाबाच त्याची आई व्हायला हवे होते!

अंडी घातली जातात ती समुद्रपुष्पाच्या अगदी बुडाशी, खडकावर. त्यांची राखण नर करतो. तो पंखांनी पाणी हलवत राहतो, खराब झालेली अंडी काढून टाकतो. साधारण आठवडाभराने, अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात आणि प्रवाहाबरोबर उघड्या समुद्रात जातात. दीड-दोन आठवडे तिथे तरंगल्यानंतर जगली-वाचलेली पिल्लं वासाच्या मदतीने एखादा प्रवाळ खडक आणि त्यावरचं समुद्रपुष्प शोधतात. घर मिळालं तर आयुष्य सुरू. नाही मिळालं तर तिथेच संपलं.

हा मासा आयुष्यभर एकाच पत्त्यावर राहतो. पाणी तापलं म्हणून दुसरीकडे निघून जाणं त्याला जमत नाही. त्यामुळे घरावर जे संकट येतं, ते थेट त्याच्यावर येतं.

प्रवाळ पांढरे का पडतात?

प्रवाळ म्हटलं की अनेकांना नवरत्नांच्या अंगठीतलं पोवळं आठवतं. ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या जातीचं असतं. प्रवाळ खडक बांधणारे जीव त्यांचे लांबचे नातेवाईक. हे बारीक प्राणी चुन्याचं घर बांधतात. पिढ्यान्‌पिढ्या घरावर घर चढत जातं आणि खडक तयार होतो. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग या खडकांनी व्यापलेला नाही, पण समुद्री जीवांच्या सुमारे 25 टक्के जाती आयुष्यात कधी ना कधी त्यांचा आधार घेतात.

प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हापासून अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाचा रंगही बऱ्याच अंशी त्याच्यामुळेच. पाणी जास्त तापलं की हे नातं बिघडतं आणि प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो. रंग जातो, आतला पांढरा चुना दिसायला लागतो. यालाच विरंजन किंवा ब्लीचिंग म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही, पण त्याचा स्वयंपाकी घर सोडून गेलेला असतो. पाणी लवकर निवलं तर तो सावरतो. उष्णता लांबली तर उपासमारीने मरतो.

समुद्रपुष्पातही असंच शैवाल असतं. म्हणून उष्णतेच्या लाटेत नीमोचं घरही पांढरं पडतं.

गेल्या काही वर्षांत नेमकं काय घडलं?

एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेने आणि आंतरराष्ट्रीय प्रवाळ उपक्रमाने जगातलं चौथं जागतिक विरंजन जाहीर केलं. आधीची तीन 1998, 2010 आणि 2014 ते 2017 या काळातली. 2023 पासून सुरू झालेल्या या चौथ्या फेरीत जगातल्या सुमारे 84 टक्के प्रवाळ क्षेत्राला विरंजन होण्याइतकी उष्णता सोसावी लागली. इतकी मोठी नोंद याआधी झाली नव्हती.

क्लाउनफिशचं काय झालं, हे सांगणारे दोन अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाले.

पहिला सौदी अरेबियाच्या किनाऱ्याजवळ, लाल समुद्रात झालेला. 2023 च्या उष्णतेच्या लाटेत तिथल्या तीन प्रवाळ खडकांवरची समुद्रपुष्पं पांढरी पडली आणि काही महिने तशीच राहिली. त्यानंतर खडकागणिक 66 ते 94 टक्के समुद्रपुष्पं मेली. क्लाउनफिश मरण्याचं प्रमाण 94 ते 100 टक्के होतं. लाल समुद्र मुळातच उष्ण आहे, त्यामुळे तिथले जीव उष्णतेला सरावलेले असतील असं मानलं जायचं. या अभ्यासाने त्या समजुतीला धक्का दिला.

दुसरा अभ्यास पापुआ न्यू गिनीच्या किम्बे उपसागरातला. 2023 च्या उष्णतेच्या लाटेत संशोधकांनी 134 क्लाउनफिशची लांबी दर महिन्याला मोजली. त्यातल्या बहुतेक माशांची लांबी कधी ना कधी चक्क कमी झालेली आढळली. वजन घटणं वेगळं, इथे शरीरच आखूड झालं होतं. आणि ज्यांनी अंग आखडून घेतलं, त्यांची जगण्याची शक्यता वाढली. लहान शरीराला अन्न कमी लागतं, हे त्यामागचं एक संभाव्य कारण.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर चित्र स्पष्ट होतं. उष्णतेशी जुळवून घेण्याची थोडीफार युक्ती या माशाकडे आहे. पण घरच मेलं, तर ती युक्ती कामाला येत नाही.

भारतात परिस्थिती कशी आहे?

लक्षद्वीपच्या अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांवर नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे संशोधक 1998 पासून प्रवाळांची नोंद ठेवत आहेत. 24 वर्षांच्या नोंदी सांगतात, की जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे निम्म्यावर आलं आहे. 1998, 2010 आणि 2016 या तीन उष्णतेच्या लाटांनी हे घडवलं. दोन लाटांमध्ये पुरेशी वर्षं गेली तर प्रवाळ सावरतात, हेही याच नोंदींतून दिसलं. खरी अडचण अशी, की दोन लाटांमधली विश्रांती कमी होत चालली आहे. 2024 मध्ये लक्षद्वीपमध्ये पुन्हा मोठ्या प्रमाणावर विरंजन झालं.

पुढचा अंदाज पुण्यातून आला आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2024 मध्ये हिंदी महासागराबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1970 ते 2000 या काळात या महासागरात वर्षाला सरासरी 20 दिवस समुद्री उष्णतेच्या लाटेचे असायचे. उत्सर्जन असंच वाढत राहिलं, तर या शतकाच्या अखेरीस ते 220 ते 250 दिवसांवर जातील असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस लाटेचेच.

मग सिनेमामुळे नीमो संपला, हे खरं का?

सोशल मीडियावर एक पोस्ट नेहमी फिरते. 'फाइंडिंग नीमो' आल्यावर जगभरात लोकांनी क्लाउनफिश घरी आणायला सुरुवात केली आणि मासा संपायला आला, अशी.

संशोधकांनी हा दावा दोनदा तपासला. 2017 मधल्या एका अभ्यासात आयात-निर्यातीच्या आकड्यांमध्ये अशा 'नीमो इफेक्ट'चा ठोस पुरावा मिळाला नाही. 2016 च्या 'फाइंडिंग डोरी'नंतरही लोकांनी त्या निळ्या माशाबद्दल इंटरनेटवर शोधाशोध भरपूर केली, पण माशांची आयात वाढल्याचं दिसलं नाही.

याचा अर्थ शोभेच्या माशांचा धंदा निर्धोक आहे, असा मात्र नाही. अमेरिकेतल्या ऑनलाइन विक्रेत्यांचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. विक्रीला असलेल्या समुद्री शोभिवंत माशांपैकी जवळपास 90 टक्के जाती फक्त समुद्रातून पकडूनच आणल्या जातात, असं त्यात आढळलं. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात मासे गुंगवण्यासाठी खडकांवर सायनाइड फवारण्याची पद्धत कायद्याने बंद करूनही पूर्ण थांबलेली नाही. त्यात माशासोबत प्रवाळही मरतात.

क्लाउनफिश या बाबतीत सुदैवी आहे. तो टाकीत अंडी घालतो आणि पिल्लं वाढवता येतात, असा हा मोजक्या समुद्री शोभिवंत माशांपैकी एक आहे. आणि इथेच महाराष्ट्राचं नाव येतं.

ऐरोलीत काय चालतं?

नवी मुंबईतल्या ऐरोलीला लोक ठाणे खाडीतले फ्लेमिंगो बघायला जातात. तिथल्याच किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात समुद्री शोभिवंत माशांचं बीजोत्पादन केंद्र, म्हणजे हॅचरी आहे. राज्याच्या वनविभागाच्या कांदळवन कक्षाशी जोडलेलं कांदळवन प्रतिष्ठान ती चालवतं. तंत्रज्ञान राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोचं. क्लाउनफिशच्या वेगवेगळ्या जातींची पैदास इथे केली जाते. कल्पना अशी, की लहान पिल्लं किनाऱ्यावरच्या गटांना द्यायची, त्यांनी ती वाढवायची आणि विकायची. कांदळवनं राखणाऱ्या गावांना त्यातून उत्पन्न मिळावं.

ऐकायला सोपं वाटलं तरी काम नाजूक आहे. आधी नर-मादीची जोडी जुळावी लागते. अंडी घालायला टाकीत फरशी किंवा मडकं ठेवतात. पिल्लं रात्री बाहेर येतात आणि ती इतकी बारीक असतात, की त्यांना सुरुवातीला डोळ्यांनी नीट दिसणारही नाहीत असे सूक्ष्मजीव खायला घालावे लागतात. हे खाद्यही वेगळं वाढवावं लागतं. पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त मरतूक होते. तिथून तगलेलं पिल्लू विकण्याजोगं व्हायला काही महिने लागतात.

देशात या कामाचा पाया कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही घातला आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर याच ब्युरोने स्थानिक स्त्रियांच्या गटांना शोभिवंत कोळंबी वाढवायला शिकवलं.

हॅचरीतला मासा घेतला, तर समुद्रातला एक मासा तिथेच राहतो. पहिल्या प्रश्नाचं चांगलं उत्तर म्हणतात ते हे.

पण हॅचरीची मर्यादाही इथेच आहे. टाकीत क्लाउनफिश समुद्रपुष्पाशिवायही जगतो, कारण तिथे त्याला खाणारं कुणी नसतं. समुद्रात तसं जमत नाही. म्हणून उद्या हजारो पिल्लं तयार झाली, तरी समुद्रपुष्पं मेलेल्या खडकावर त्यांना सोडून उपयोग नाही. हॅचरीत मासा तयार होतो, प्रवाळ खडक तयार होत नाही.

महाराष्ट्राकडे स्वतःचे प्रवाळ आहेत का?

आहेत, आणि ही गोष्ट राज्यातच अनेकांना माहीत नाही.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. इथलं सागरी अभयारण्य 1987 चं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. लक्षद्वीपसारखे मोठाले खडक इथे नाहीत. कातळांवर वाढलेल्या छोट्या वसाहती आहेत. पावसाळ्यात पाणी गढूळ होतं, तरी त्या तग धरतात. सुट्ट्यांमध्ये सोलापूर, कोल्हापूर, पुण्याहून येणारे पर्यटक स्नॉर्केलिंग करताना पट्ट्यापट्ट्यांचे मासे बघतात, ते याच वसाहतींच्या जिवावर.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्या प्रवाळांवर विरंजन आणि रोग, दोन्हींची नोंद केली आहे. पर्यटक पाण्याखाली प्रवाळांना धरतात, त्यांच्यावर पाय देतात, त्यातून होणारी मोडतोडही त्यांनी 2020 मध्ये मांडली. अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांचा सुरुवातीपासून विरोध राहिला, कारण आपली मासेमारी बंद होईल ही त्यांची भीती. त्यामुळे कागदावर अभयारण्य आणि पाण्यावर गर्दी, असा प्रकार वर्षानुवर्षं चालला आहे.

दुसरी जागा आंग्रिया बँक. विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं हे पठार. लांबी सुमारे 40 किलोमीटर, रुंदी 15. नाव मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचं. पठाराचा माथा पाण्याखाली 20 मीटरवर आहे, त्यामुळे तिथपर्यंत ऊन पोहोचतं आणि प्रवाळ वाढतात. 2019 च्या डिसेंबरमध्ये संशोधकांच्या पथकाने तिथे मोहीम काढली होती.

ही जागा राखायची तर कायद्याचा पेच आहे. वन्यजीव कायद्याने अभयारण्य करता येतं ते किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण 22 किलोमीटर. आंग्रिया त्याच्या खूप पलीकडे, देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात आहे. तिथे संरक्षण द्यायचं तर 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्र सरकारला तो भाग विशेष क्षेत्र म्हणून जाहीर करावा लागतो. राज्याच्या हाती फक्त पाठपुरावा करणं उरतं.

तिसरी जागा खुद्द मुंबई. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीला प्रवाळ सापडले. 2020 मध्ये त्यातल्या 18 वसाहती दुसरीकडे हलवल्या गेल्या. हे शक्य झालं कारण सगळे कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. क्लाउनफिश मात्र या यादीत नाही. कायद्याने मासा राखलेला नाही, खडक राखलेला आहे. हा क्रम योग्यच म्हणावा लागेल, फक्त तो कागदावरून पाण्यात उतरायला हवा.

आणि सोलापूरचा यात काय संबंध?

संबंध आहे, आणि तो फिश टँकपेक्षा मोठा आहे.

वातावरणात अडकलेल्या जास्तीच्या उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून अधिक समुद्र शोषून घेतो. ही उष्णता अडकते ती प्रामुख्याने कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने. सोलापूरच्या दक्षिणेला फताटेवाडीजवळ एनटीपीसीचा 1,320 मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प आहे. कूलर त्याच विजेच्या जाळ्यावर चालतो, यंत्रमागही आणि फिश टँकचा पंपही. यात सोलापूरकरांना दोषी धरण्यासारखं काही नाही. 43 अंशांत कूलर ही चैन नाही, आणि यंत्रमागावर घरं चालतात. पण वीज कशापासून तयार होते हा प्रश्न जितका या शहराच्या उन्हाळ्याचा आहे, तितकाच लक्षद्वीपच्या प्रवाळांचाही आहे. दोघांना तापवणारं कारण एकच.

ऑक्टोबर 2025 मध्ये 160 शास्त्रज्ञांनी मिळून काढलेल्या अहवालात म्हटलं होतं, की पृथ्वीचं सरासरी तापमान औद्योगिक काळाआधीपेक्षा सुमारे 1.2 अंशांनी वाढलं की उबदार पाण्यातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर कोसळू लागतात, आणि ती रेषा आता ओलांडली गेली आहे. सगळेच शास्त्रज्ञ याच्याशी सहमत नाहीत. काही जाती, काही जागा तग धरतील असं अनेकांना वाटतं. पण वाद आहे तो किती प्रवाळ वाचतील यावर. उष्णता कमी केल्याशिवाय ते वाचतील, असं कुणीही म्हणत नाही.

नीमो घरी आणायचाच असेल तर?

आधी एक गैरसमज दूर व्हायला हवा. क्लाउनफिश गोल्डफिशच्या टाकीत जगत नाही. तो खाऱ्या पाण्याचा मासा आहे. गोड्या पाण्यात टाकला, तर बाहेरचं पाणी त्याच्या शरीरात शिरत राहतं आणि तो थोड्याच वेळात मरतो.

त्याला समुद्राइतकं खारट पाणी लागतं. ते नळाच्या पाण्यात मीठ टाकून होत नाही. आधी आरओचं पाणी आणि त्यात टँकसाठी मिळणारं खास समुद्री मीठ, असं करावं लागतं. जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्या शहरात आरओमधून वाया जाणाऱ्या पाण्याचाही हिशेब करायला हवा.

पाण्याचं तापमान 24 ते 28 अंशांच्या आसपास राहावं लागतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते आपोआप राहणार नाही, पाणी थंड करणारं चिलर नावाचं यंत्र लागेल. मासा परवडला तरी हे सगळं परवडेलच असं नाही. शिवाय पाण्याची वाफ झाली की टाकीतला खारटपणा वाढतो. लाइट गेली की पंप बंद. आणि नीट सांभाळला तर हा मासा दहा वर्षांहूनही जास्त जगतो. म्हणजे तिसरीतल्या मुलासाठी आणलेला नीमो तो कॉलेजला जाईपर्यंत सांभाळायची तयारी हवी.

हे सगळं करूनही आणायचा असेल, तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: हा हॅचरीतला आहे की समुद्रातून पकडलेला? उत्तर मिळत नसेल, तर घेऊ नये. जिवंत प्रवाळ तर मुळीच घेऊ नयेत. कठीण प्रवाळ बाळगणं हा गुन्हा आहे.

नसेल आणायचा, तर मालवणला जाता येतं. पाण्यात उतरल्यावर खडकावर पाय ठेवू नये, प्रवाळाला हात लावू नये. फोटोसाठी मासे जवळ यावेत म्हणून कुणी ब्रेड टाकत असेल, तर त्याला नको म्हणावं. तिथे केशरी नीमो दिसेल असं नाही. पण काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे, पोपटी रंगाचे, पंख्यासारखे चपटे मासे दिसतील. ते कुणी पिशवीत भरून आणलेले नाहीत. त्यांचं घर अजून जागेवर आहे, म्हणून ते तिथे आहेत.